घरी जायच्या वाटेवरचं दुकान

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणारे गृहस्थ ३४ वर्षांचे आहेत. वडिलांचं किराणा दुकान चाळीस वर्षं जुन्या पेठेत आहे. गावाची वस्ती साठ हजारांच्या आसपास आणि जिल्ह्याचं शहर ३५ किलोमीटरवर. त्यांना आता सुपरमार्केट काढायचं आहे आणि जागेवरून घरात सहा महिने वाद चालू आहे. पहिली जागा बायपासला: चुलत्यांचं ५,००० चौरस फुटांचं शेड, भाडं ६० हजार, पार्किंग भरपूर. दुसरी एसटी स्टँडसमोरच्या नव्या संकुलात: २,२०० चौरस फूट, भाडं १ लाख ६० हजार, अनामत १० लाख. तिसरी पेठेतलीच: दुकान आणि मागचं गोदाम पाडून एक करायचं, भाडं शून्य. वडील पेठेवर अडून बसले आहेत. "पेठ सोडली की गिऱ्हाईक सोडलं," असं ते म्हणतात. पत्रलेखकाचा कल बायपासकडे आहे, कारण "उद्या डी-मार्ट आलं तर तेही तिथंच येणार, आपण आधी जागा धरावी." शेवटाकडे एक वाक्य येतं: "मिसेसचं म्हणणं कॉलेज रोडला मंगल कार्यालयाशेजारी ३,००० फुटांचा गाळा ७० हजारांत मिळतोय तो घ्यावा, पण तिथं वर्दळ नाही." प्रश्न असा की, बायपास की स्टँड?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तीन जागांवर तुम्ही अडीच पानं लिहिलीत आणि चौथीवर जेमतेम एक वाक्य. मी त्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण पत्रातला सगळ्यात मोठा शब्द त्यातच आहे: वर्दळ.

या शब्दानं माझे स्वतःचे पैसे बुडाले आहेत. मी पंधरा वर्षं किराणा मालाच्या वितरणात काढली आणि २०११ साली भावाबरोबर एक दुकान काढलं. राज्य मार्गाला लागून १,८०० फुटांचा गाळा. जागा पक्की करण्याआधी आम्ही शहाण्यासारखे रस्त्यावर उभे राहिलो, वही घेऊन गाड्या मोजल्या. आकडा बघून दोघंही खूश झालो. पण आम्ही मोजलं होतं सकाळी नऊ ते दहा, आणि दुकान होतं सकाळी गावाबाहेर जाणाऱ्या बाजूला. कामावर निघालेला माणूस तूरडाळ घेत नाही. तीच माणसं संध्याकाळी परतत तेव्हा ती पलीकडच्या बाजूनं जात. त्यातली निम्मी तरी रस्ता ओलांडून यायची म्हणून दुकान चाललं. दोन वर्षांनी रस्ता चौपदरी झाला, मधे दुभाजक आला आणि वळायची जागा चारेकशे मीटर पुढे गेली. पहिल्याच महिन्यात संध्याकाळचा गल्ला इतका खाली आला की दुसरं बिलिंग काउंटर बंद ठेवावं लागलं. २०१४ मध्ये आम्ही दुकान आवरलं. वर्दळ तेव्हाही होती, आधीपेक्षा जास्तच होती.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे की "इथून किती लोक जातात" हा प्रश्न बाजूला ठेवा. "इथून किती लोक पिशवी भरून घरी जातात" हा प्रश्न विचारा. दोन्हींची उत्तरं क्वचितच एका जागी मिळतात.

बायपास घेऊ. बायपास बांधतात तो ज्यांना गावात थांबायचं नाही त्यांच्यासाठी. त्या गाड्या चहाला थांबतील, डिझेलला थांबतील, वडापावला थांबतील. महिन्याची यादी घेऊन त्यातलं कोणी उतरणार नाही, कारण त्यांचं घर तिथं नाही. राहिले तुमच्या गावातले लोक. गावातून शेडापर्यंत किती अंतर आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण "गाडीनं दहा मिनिटं" असं लिहिलंत. तुमच्या गिऱ्हाइकांपैकी किती घरांत चारचाकी आहे? आणि ती असली तरी दुपारी चार वाजता घरी कोणाच्या हाताशी असते?

मला एक दृश्य आठवतं. एका ओळखीच्यांच्या दुकानाबाहेर मी माल उतरवायला उभी होते. एक बाई बाहेर आल्या. स्कुटीच्या पायाशी पाच किलोचं आट्याचं पाकीट आडवं ठेवलं, त्यावर तेलाचा डबा, हुकाला भाजीची पिशवी. मागे शाळेच्या गणवेशातली मुलगी, तिच्या पाठीवर दप्तर, मांडीवर साबणाचा बॉक्स. पाय टेकायला जागा उरली नव्हती, त्यामुळे बाई दोन्ही पाय जमिनीवर घासत स्कुटी हळूहळू पुढे घेत होत्या. रस्त्याच्या कडेला येऊन त्या थांबल्या. उजवीकडून एक ट्रक गेला, मग दुसरा, मग उसाची ट्रॉली. चांगली दोन मिनिटं त्या तशाच, एक पाय टेकून. मला तेव्हा वाटलं, जागा निवडायची तर या बाईसाठी. ती या स्कुटीवर, या वजनासकट, मुलीला घेऊन न घाबरता घरी पोचली पाहिजे. बायपासवर हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात. तिथं तुम्ही तिला बोलावताय.

डी-मार्टचं म्हणाल, तर त्यांचं गणित समजून घेऊ. राधाकिशन दमाणी यांनी २००२ साली पवईत पहिलं दुकान काढलं तेव्हापासून त्यांचा भर जागा शक्यतो विकत घेण्यावर राहिला आहे. भाड्याचा बोजा नाही, माल मोठ्या प्रमाणावर आणि पुरवठादारांना लवकर पैसे देऊन घेतलेला, म्हणून विक्रीचे भाव खाली. त्या भावासाठी लोक लांबून येतात. त्यांचं दुकान स्वतःच एक ठिकाण असतं, ते गर्दीकडे जात नाही, गर्दी त्याच्याकडे येते. तुमच्याकडे आज ती ओढ नाही, आणि ५,००० फुटांचं शेड भाड्यानं घेऊन ती येणार नाही. उद्या ते खरोखर बायपासला आले, तर शेजारी दुकान असण्यात तुमचा कोणता फायदा? भावात त्यांच्याशी भिडावं लागेल असं एकमेव ठिकाण तुम्ही आपणहून निवडलेलं असेल. तुमची बाजू घराजवळ असण्यात आहे. अर्धा लिटर तेल, संपलेली साखर, अचानक आलेले पाहुणे, यासाठी कोणी बायपासला जात नाही.

अंतराचा हिशेब जुना आहे. विल्यम रायली या अमेरिकन अभ्यासकानं १९३१ मध्ये मांडलं की गावाची बाजारपेठ म्हणून ओढ वस्तीप्रमाणे वाढते आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. तुमच्या बाबतीत करून बघू. गाव ६० हजारांचं, जिल्ह्याचं शहर साधारण ५ लाखांचं धरू, मधलं अंतर ३५ किलोमीटर. दोन्हींची ओढ सारखी होते तो बिंदू तुमच्या गावापासून सुमारे ९ किलोमीटरवर येतो. म्हणजे शहराच्या बाजूला नऊ किलोमीटरपलीकडची खेडी मोठ्या खरेदीला शहरातच जाणार. ही आडाखा बांधायची रीत आहे, दगडावरची रेघ नव्हे, आणि रोजच्या वाणसामानाची धाव त्याहूनही आखूड असते. पण यातून एक कळतं. शहराकडून येणारा बायपासचा टप्पा "पंचवीस गावांना जवळ पडतो" असं तुम्ही लिहिलंत. त्यातली शहराकडची बरीचशी गावं मुळात तुमची नाहीत.

आता एसटी स्टँड. इथं वर्दळ आहे, चालती माणसं आहेत, बायका आहेत, विद्यार्थी आहेत. पण त्यांचे हात बघा. एका हातात बॅग, दुसऱ्यात मूल, नजर फलाटावर. ही माणसं पाण्याची बाटली, बिस्किटाचा पुडा, वेफर्स घेतात, चाळीस रुपयांचं बिल करतात आणि पळतात. त्यांच्यासाठी स्टँडवर स्टॉल आहेतच. सुपरमार्केट आठशे, हजार, दीड हजारांच्या बिलावर उभं राहतं.

एक अपवाद मला प्रामाणिकपणे सांगायला हवा. आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यांतून येणारी माणसं रिकाम्या पिशव्या घेऊन उतरतात आणि भरल्या पिशव्या घेऊन चढतात. ती जिथं चढतात तिथलं दुकान ही त्यांची शेवटची खरेदी असते. ती एसटीनं जातात की वडापनं, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी जीपनं? वडापचा थांबा बहुतेक गावांत वेगळा असतो. पत्रातल्या वर्णनावरून तुमच्याकडे तो पेठेच्या तोंडाशी, तुमच्या सध्याच्या दुकानापासून शंभर पावलांवर दिसतो. तसं असेल तर हे गिऱ्हाईक आजही तुमचंच आहे आणि त्यासाठी दीड लाखाचं भाडं भरायची गरज नाही.

त्या भाड्याचा हिशेब मांडूनच टाकू, कारण तुमच्यासारखे बरेच जण भाडं "परवडेल" असं म्हणतात आणि कशातून ते लिहून बघत नाहीत. किराण्यात शंभराच्या विक्रीमागे बारा ते पंधरा रुपये हाती राहतात. त्यातून पगार, वीज, घट, खराब माल, बँकेचा हप्ता. माझा अनुभव असा की भाडं विक्रीच्या चार टक्क्यांवर गेलं की दुकान मालकासाठी न चालता गाळेवाल्यासाठी चालायला लागतं. स्टँडचं १ लाख ६० हजार भाडं चार टक्क्यांत बसवायचं तर महिन्याला ४० लाखांची विक्री हवी. एक घर तुमच्याकडे महिन्याला अडीच हजारांचा माल घेईल असं धरा, कारण सगळा माल कोणीच एका ठिकाणी घेत नाही. म्हणजे १,६०० घरं झाली. साठ हजारांच्या गावात तेरा-साडेतेरा हजार घरं असतील. अख्ख्या गावातलं दर आठवं घर नियमानं स्टँडवर यायला हवं, जिथं गाडी लावायलाही जागा नाही. कॉलेज रोडचं ७० हजार भाडं घ्या. साडेसतरा लाखांची विक्री, म्हणजे ७०० घरं. त्या रस्त्यावरच्या कॉलन्यांत मिळून किती घरं आहेत हे तुमच्या पत्नीला बहुधा तोंडपाठ असेल. त्यांना विचारा.

भाड्यात आणखी एक गोष्ट धरा. व्यावसायिक भाड्यावर १८ टक्के जीएसटी आहे. गाळेवाला नोंदणीकृत नसला तरी तुम्ही नोंदणीकृत असाल आणि कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या ठोक कराच्या योजनेत, नसाल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून तो कर तुम्ही स्वतः भरायचा आहे. त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे विक्रीवर भरायच्या करातून तो वजा करता येतो, पण सुट्या डाळी-तांदूळ करमुक्त असल्यानं पुरतं मिळत नाही. करमुक्त मालाचा विक्रीत जितका वाटा, त्या प्रमाणात क्रेडिट सोडावं लागतं. सीएंना बसवून आकडा काढून घ्या, मगच भाड्यावर हो म्हणा.

पेठेबद्दल मी वडिलांच्या बाजूनं थोडं बोलणार आहे. "पेठ सोडली की गिऱ्हाईक सोडलं" या वाक्यात हट्ट कमी आणि माहिती जास्त आहे. पेठेत येणारं गिऱ्हाईक खात्यावरचं आहे. ऊस कारखान्याला गेला, बिल जमा झालं की उधारी फेडणारं. कायद्यानं ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, प्रत्यक्षात कधी मिळतात ते तुमच्या वडिलांची वही सांगेल. लग्नाची यादी, बाराव्याची यादी, सप्त्याच्या महाप्रसादाची यादी घेऊन येणारा माणूस काउंटरवर बसून "अण्णा, किती माणसाला किती डाळ?" असं विचारतो. ट्रॉली ढकलत तो हे कोणाला विचारणार? बिलिंगच्या संगणकावर बसलेल्या मुलाला? हा धंदा सुपरमार्केटमध्ये हलवता येत नाही, तो तिथं आला की मरतो. तेव्हा पेठेतलं दुकान पाडून एक करायच्या कल्पनेला माझा ठाम विरोध आहे. दुकान-गोदामाचे ९०० आणि १,१०० मिळून दोन हजार फूट होतील, पण मधे जुन्या भिंतींचे जाडजूड खांब, समोर आठ फुटांची गल्ली, दिवसा टेम्पो आत येत नाही. चालू धंदा आठ महिने बंद ठेवायचा आणि वर कर्ज काढायचं. भाडं शून्य दिसतं खरं, पण त्या आठ महिन्यांत खात्यावरची माणसं दुसऱ्या उंबऱ्याला लागतील.

आणि पूर. तुम्ही एका ओळीत लिहिलंत की २०१९ ला गोदामात पाणी आलं होतं. ती ओळ वाचून मी थबकले. कृष्णा-पंचगंगेच्या काठानं २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर सोळा वर्षांत पाहिले. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो: निळी, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. चारही जागा या रेषांच्या कोणत्या बाजूला पडतात ते नगरपरिषदेत नकाशावर बघा. शिवाय त्या गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या माणसांना विचारा, "२०१९ ला पाणी कुठवर होतं?" ते भिंतीवर बोट ठेवून दाखवतील. पोत्यातला माल दोन फूट पाण्यातही जातो. फ्रीझर, रॅक, संगणक असं वीस-पंचवीस लाखांचं सामान तळमजल्यावर मांडण्याआधी हे बोट बघून या.

आता तुमच्या पत्नीचा गाळा. मी त्यांना ओळखत नाही, पण त्यांनी ती जागा का सुचवली असेल याचा अंदाज करू शकते. त्या रोज तिथून जात असाव्यात. मुलाला शाळेत सोडायला, आणायला. शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर आयांचा जो घोळका उभा असतो त्यात उभ्या राहत असाव्यात. तिथं काय बोलणं चालतं? अमुक दुकानात शेंगदाणा चांगला मिळतो, तमुक ठिकाणी रवा जुना लागला. तुम्ही तिथं सकाळी अकरा वाजता मोटारसायकलवरून गेला असाल आणि रस्ता रिकामा दिसला असेल. त्यांनी तोच रस्ता संध्याकाळी सहाला पाहिला आहे. "वर्दळ नाही" हे तुमचं निरीक्षण खरं असेल, पण ते कोणत्या वेळचं?

वस्तीत जाऊन दुकान मांडायची रीत आपल्याकडे नवी नाही. मुंबईत अपना बाजार १९४८ साली नायगावला कामगारांच्या वस्तीत सुरू झालं. तुमच्या भागात वारणानगरचा वारणा बाजार बघा. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकाराच्या परिसरात तो वाढला, जिथं कारखान्याच्या आणि दुधाच्या कामानं माणसं एरवीही येत होती. दोन्हीकडे दुकान माणसांच्या येण्याजाण्यात जाऊन बसलं.

तरी कॉलेज रोडवर मी अजून शिक्का मारत नाही. मंगल कार्यालय शेजारी आहे. लग्नाच्या दाट तिथीला तिथं वरातीच्या गाड्या तुमच्या दारात लागणार आणि तुमचं गिऱ्हाईक लांबूनच परत फिरणार. पार्किंगची हद्द कुठली, ते कार्यालयवाल्यांशी आधीच लेखी ठरवा. वसतिगृहातली मुलं सुट्टीत गावी जातात, मे महिना कसा जातो ते तिथल्या दोन किराणावाल्यांच्या दुकानासमोर उभं राहून कळेल. पावसाळ्यात रस्त्याची अवस्था काय होते? मालाचा टेम्पो मागून लागतो का, की पुढच्या दारातूनच पोती आत न्यावी लागतील? थ्री-फेज वीज आहे का, फ्रीझरचा लोड मिळेल का? गावाच्या विकास आराखड्यात तो रस्ता रुंद होणार असेल, तर गाळ्याची पुढची किती फूट जागा जाईल? नगरपरिषदेच्या नगररचना विभागात झोन दाखला, म्हणजे त्या जागेला कोणता वापर मंजूर आहे तो कागद, मागा, इमारत वापरायच्या परवानगीचं भोगवटा प्रमाणपत्र बघा. दुभाजक प्रस्तावित आहे का, हेही विचारा. हा प्रश्न विचारायचं माझ्या डोक्यात २०११ ला आलं नव्हतं.

हे सगळं करण्याआधी एक काम घरात बसून होण्यासारखं आहे आणि मला ते सगळ्यात मोलाचं वाटतं. तुमच्या दुकानाची घरपोच मालाची वही असेल. मागच्या चार महिन्यांची पानं काढा. गावाचा मोठा नकाशा छापून भिंतीवर लावा. दुकानातलंच टिकल्यांचं एक पाकीट घ्या आणि प्रत्येक घरपोच पत्त्यावर एक टिकली लावा. महिन्याला दोन हजारांच्या वरचं घर असेल तर लाल, त्याखालचं असेल तर दुसरा रंग. तास-दोन तासांचं काम आहे. लाल टिकल्या कुठं दाटतात ते दिसलं की आपलं बोलणं संपलं. तुम्हाला आज गिऱ्हाईक कुठं आहे याचा अंदाज बांधायचा नाही, ते तुमच्या वहीत लिहिलेलं आहे. माझा होरा असा की पेठेत टिकल्या कमी असतील, कारण पेठेतली मुलं आता कॉलन्यांत राहायला गेली आहेत आणि सामान मात्र जुन्या दुकानातून मागवतात. होरा चुकला तर माझं वरचं बरंचसं बाजूला ठेवा आणि टिकल्यांचं ऐका.

मग रस्त्यावर उभे राहा. एक दिवस पगाराच्या आठवड्यातला, एक बाजारचा, एक साधा मधला वार आणि एक रविवार सकाळ. संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ. गाड्या मोजू नका. हातात किंवा हुकाला पिशवी असलेली माणसं मोजा, आणि ती कोणत्या दिशेला जाताहेत ते लिहा. घराकडे जाणाऱ्या माणसाच्या डाव्या हाताला तुमचं दार असेल तर त्याला रस्ता ओलांडावा लागत नाही. पत्नीला बरोबर न्या. तुम्हाला बाई दिसेल, त्यांना ती कुठल्या कॉलनीतली, कोणाची सून, हे कळेल.

चुलत्यांच्या शेडाबद्दल. तुम्ही नाही म्हणालात तर ते दुखावतील ही भीती पत्रात दोन ठिकाणी डोकावते, आणि मला ती समजते. नात्यातली जागा स्वस्त मिळते तेव्हा ती नाकारणं अवघड असतं. पण पहिल्या दोन वर्षांत दुकान चाललं नाही आणि भाडं थकलं, तर दुखणं याहून मोठं असेल. त्यांना खरं सांगा, आणि पुढे नवं दुकान जम धरू लागलं की गोदाम म्हणून शेडाचा एक भाग मागा. बायपासला मोठी गाडी थेट लागते, गोदामाला ती जागा चांगली आहे. आत्ता मागू नका, पहिल्या वर्षी तुम्हाला गोदामाच्या भाड्याचाही भार नको.

करार करताना पाच वर्षांचा, म्हणजे साठ महिन्यांचा भाडेकरार मागा, आणि तो नोंदवून घ्या. महाराष्ट्रात ती नोंदणी सक्तीची आहे. त्यात असं कलम घालून घ्या की पाच वर्षं मालक तुम्हाला काढणार नाही, पण पहिल्या वर्षानंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन तुम्ही निघू शकता. गाळेवाले कुरकुरतात, पण रिकाम्या रस्त्यावरचा गाळा आहे असं तुम्हीच म्हणताय, तर बोलणी करायला जागा आहे. भाडेवाढ किती आणि कधी, तेही आकड्यात लिहा. दुकान उघडायचं तर आषाढात उघडा. त्या दिवसांत विक्री थंड असते, पोरांना बिलिंग शिकायला वेळ मिळतो, आणि गौरी-गणपतीची झुंबड येईस्तोवर मालाची मांडणी दोनदा बदलून झालेली असते. दिवाळीला नवं दुकान उघडणारे गर्दीतच गोंधळतात आणि पहिल्यांदा आलेलं गिऱ्हाईक रांगेतून निघून जातं.

शेवटचं, वडिलांविषयी. तुम्ही त्यांना निकाल ऐकवायला जाऊ नका. टिकल्या लावायला बसवा. तुम्ही पत्ते वाचा, टिकली ते लावतील. कोणतं घर पेठेतून कधी उठलं, कुठल्या कॉलनीत गेलं, कोणाची वाटणी झाली, कोणाच्या घरात आता दोनच म्हातारी माणसं उरलीत, हे चाळीस वर्षं वजनकाट्यामागे बसलेल्या माणसाइतकं गावात कोणाला माहीत नसतं. ते एखाद्या टिकलीपाशी थांबून म्हणतील, "हे घर आता महिन्याला पाच किलोच साखर नेतं, पूर्वी पंधरा न्यायचे." ते सांगतील ते नकाशाच्या कडेला लिहून ठेवा.